माळावरचा हेल

६ जानेवारी, मंगळवार

पल्लवीचा फोन. पहिल्यांदा आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते, उचलला नाय. दुसऱ्यांदा उचलला तर बाईसाहेब बोलतात, "आई, सतरा तारखेला तुमच्या वरच्या माळावर फेस्टिवल आहे. मी गातेय." तुमच्या! जल्म झाला त्या माळाखाली, करवंदं खाऊन वाढली, आता तुमचा माळ झाला.

कसला फेस्टिवल विचारलं. ब्लूज. ते काय असतं गो? तर दुःखाची गाणी असतात. तिकडं अमेरिकेत काळी माणसं दुसऱ्याच्या शेतावर राबायची, त्यांनी काढलेली. मी बोलले, मग त्यासाठी डोळखांबला कशाला येता, मुंबईतलं दुःख संपलं काय? हसली नाय. "तू आणि पप्पा यायचंच. पुढं बसायचं. तुमचे पास ठेवलेत."

हे खूश. उद्या भातसानगरला ड्युटीवर गेले की सगळ्या कॉलनीला सांगतील. धरणावरचा वॉचमन, त्याची पोरगी स्टेजवर. सांगू दे.

१० जानेवारी, शनिवार

माळावर मशीन आणलंय. करवंदाच्या जाळ्या उपटल्या, खड्डे बुजवले. खालच्या पाड्यातून वर जायची आमची पायवाट दोरी लावून बंद. ढोरं कुठं चारायची ते ढोरांनी बघायचं. गावातली तरणी पोरं हवेत आहेत, सगळ्यांना सारखे काळे टीशर्ट मिळालेत. पाड्यातल्या बायांनापण काम दिलं. काय काम, तर माळावरचं शेण उचलायचं. पाहुण्यांना वास येतो.

जनाताई नाय गेली त्या कामाला. माझी मोठी नणंद, खालच्या पाड्यातच दिलेली, नवरा जाऊन लय वर्सं झाली, पण ताठा तसाच. "माझ्या गायीचं शेण माझ्या अंगणाला. त्यांच्यासाठी कशाला उचलू?" संध्याकाळी ओटीवर येऊन बसली. विचारत होती, पल्ली काय गाणार. मी बोलले, विंग्रजी गाईल. "मग आपल्याला काय कळंल त्यातलं," आणि तंबाखू मळत बसली. पास दोनच आहेत, मला उगाच चोरट्यासारखं झालं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

लाडू वळले. माझ्या पोराला, नितेशला, तिळाचे चालायचे नाय, शेंगदाण्याचे लागायचे. यंदापण हात आपोआप दाण्याच्या डब्याकडं गेला. मग केलेच थोडे. कोण खाणार, माहीत नाय.

वैशाखात दोन वर्सं होतील. सेकंड शिफ्ट करून येत होता, हायवेला ट्रकनं उडवला. सकाळी आणला. मी ओटीवर बसून, त्याचं नाव घेऊन रडत जो हेल काढला तो माळापर्यंत गेला होता म्हणतात. हेल ऐकल्याबरोबर बाया तवे उतरवून, चुली विझवून आल्या. आपल्याकडं तसंच आहे. एकीचा हेल कानावर आला की दुसरीनं घरात बसायचं नाय, तिच्या गळ्यात पडायचं, तिच्या हेलात आपला हेल घालायचा. त्या दिवशी त्यांनी मला धरून ठेवली म्हणून मी राह्यले. अजून बाया बोलतात, सुनंदासारखा हेल या भागात कोणी काढला नाय. हे काय मिरवायचं असतं का?

आणि पल्लवी ओटीच्या खांबाला टेकून उभी. हातात फोन. मला वाटलं नातेवाइकांना कळवतेय. डोळ्याला टिपूस नाय. सख्खा भाऊ, पाठचा. जनाताईनं जवळ घेतली, "रड गो पोरी, मोकळी हो," तर ही लाकडाचा ओंडका. तेरावा झाला आणि गेली अंधेरीला. भाऊ जळाला आणि बहीण गिटारवाल्यांत.

हे बोलतात सगळ्यांचं रडणं सारखं नसतं. मला नका शिकवू.

१७ जानेवारी, शनिवार

लिहून काढते नायतर डोकं फुटंल.

सकाळी नीट होतं सगळं. नवी साडी नेसले, यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पायवाटेनं गेलं तर चढायला किती वेळ लागतो, पण पायवाट बंद, म्हणून डांबरी रस्त्यानं वळसा घालून गेलो. गेटवर आमच्याच गावचा संतोष, काळा टीशर्ट. मनगटाला निळा कागदी पट्टा चिकटवला, लग्नात कंकण बांधतात तसा. मग पिशवीत हात घातला. "काकी, बाहेरचं खाणं आत चालत नाय." भाकरी आणि वालाची भाजी होती. मी बोलले, अरे बाहेरचं कुठलं, याच मातीतलं आहे. "नियम हाय, काकी." माझा डबा टेबलाखाली ठेवला. आत गेल्यावर बघते तर एका गाळ्यात नाचणीची बिस्किटं, कागदी पुडीत बांधून, आणि त्यावर नाचणी कशी पौष्टिक ते लिहिलेलं. यांना बोलले, चला, घरी जाऊ. "गप गो, पोरीचा दिवस आहे."

माणसं काय, गवतावर चादरी टाकून लोळतायत. दिवसाढवळ्या. दारूचे ग्लास हातात. कुत्री पट्टे घालून आणलेली, त्यांना कोणी पास विचारला नसंल. बाया टोप्या घालून, पाय उघडे, पण कोणाच्या तोंडावर दुःख म्हणून दिसंल तर शपथ. स्टेजवर एकजण तोंडानं बाजा वाजवत होता, डोळे मिटून, दात दुखतो तसं तोंड करून. पाठून सगळे माना हलवतायत. मी यांना बोलले, यांचं कोण मेलंय? यांनी डोळे वटारले.

एक म्हातारा मात्र बरा होता. दुपारी आला, एकटाच, खुर्चीवर बसून गिटार. शब्द कळले नाय. पण एकच तार तो ओढून ओढून धरायचा आणि मधेच सोडून द्यायचा. खोटं कशाला बोलू. मी टाळ्या वाजवल्या.

मग पल्लवी भेटायला आली. अंगात नितेशचा चौकड्याचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. मी तो शर्ट घरभर शोधला होता गेल्या वर्षी. "आई, शेवटपर्यंत बस हां. उठू नको." हात गार होते तिचे. मी बोलले, जेवलीस काय? तर डोकं हलवलं आणि पळाली.

चार वाजता तिची पाळी. पाठी ड्रमवाला, एक अंबाडा बांधलेला मुलगा गिटारवर. पहिली दोन विंग्रजी. मग माईकजवळ आली, मराठीत बोलली, "हे गाणं माझ्या आईचं आहे." लोक वळून बघायला लागले. हे ताठ बसले. मला वाटलं ओवी म्हणते की काय एखादी.

गिटार बारीक चालू झाली आणि हिनं तोंड उघडलं.

"नितेशा रेऽऽ... बूट दारात सोडलेस रे, पाय कुठं नेलेस रे माझ्या बाळा..."

माझा हेल. शब्दान् शब्द. "सेकंड शिफ्ट कधीची सुटली रे, डबा माझा तसाच आला रे..." जिथं माझा आवाज फाटला होता तिथं तिनं फाडला. जिथं दम लागून थांबले होते तिथं थांबली. मला स्वतःला आठवत नव्हतं मी काय बोलले ते, ते या पोरीनं माझ्यासमोर उभं केलं, नितेशच्या शर्टात, दारू पिणाऱ्या माणसांपुढं. अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. चला, उठा, बोलायला वळले. यांच्याकडं बघितलं तर हे रडतायत. पोरगा गेला तेव्हा या माणसानं दात आवळून सगळं केलं, मडकं धरलं, एकदा रडला नाय. आता भरल्या माळावर तोंड उघडं टाकून रडतोय, हातात लिंबू सरबताचा ग्लास.

मेल्या माणसाशिवाय हेल काढायचा नाय, हे काय तिला माहीत नाय? लहानपणी भातुकलीत हिनं एकदा बाहुलीवर हेल काढला होता, माझ्या सासूनं तोंडावर फटका दिला होता. आठवत असणारच.

आणि ते स्पीकर. घराएवढे. तोंडं सगळी खालच्या पाड्याकडं.

मला आधी वाटलं आवाज घुमतोय. मग कळलं, खालून हेल येतोय. खराखुरा. पाड्यातल्या बायांनी ऐकलं. गाणंबिणं नाय ऐकलं त्यांनी, सुनंदाचा हेल ऐकला, माळावरून. त्यांना काय वाटणार? हे आणि मी दोघं माळावर गेलेलो सगळ्या गावाला माहीत. म्हंजे यांनाच काहीतरी झालं. दोरीखालून वाकून, झाडोऱ्यातून वर आल्या एकेक. डोक्यावर पदर, कोणाचे हात पिठाचे, कोणाच्या कमरेला विळा तसाच. आणि सगळ्यांत पुढं जनाताई. गुडघे धरलेली बाई, अनवाणी, पळत. "माझ्या भावाला काय झालं गोऽऽ सुनंदेऽऽ! माझा पाठीराखा गेला गोऽऽ!"

माझ्या गळ्यात पडली. मी बोलतेय, ताई, ताई, कोणी नाय गेलं, ते बघा, बसलेत. तिला ऐकूच येईना. बाकीच्या बाया पाठून येऊन बिलगल्या, हेलात हेल. आणि स्टेजवर पल्लवी. तिनं बघितलं. आमच्याकडं नीट बघितलं, आत्या चिखलमातीच्या पायांनी माझ्या अंगावर पडलेली. मला वाटलं आता थांबंल. गिटारवाला तिच्याकडं बघून मान हलवत होता, चालू ठेव, चालू ठेव. ती थांबली नाय. आणखी वर चढवला आवाज.

लोक उभे राह्यले. टाळ्या. शिट्या. सगळ्यांचे मोबाइल आमच्यावर. त्यांना वाटलं हे प्रोग्राममध्येच आहे.

शेवटी हेच उठले, डोळे पुसत. "जनाताई, मी जिता आहे गो." तिनं वळून बघितलं. मग यांचं तोंड, छाती, हात, सगळं चाचपलं, आंधळी बाई चाचपते तसं.  बाया गप झाल्या. त्यांनी एकेकीनं स्टेजकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. माइकवाला काहीतरी विंग्रजीत बोलत होता, गावच्या बायांसाठी टाळ्या मागत होता. त्या टाळ्यांत त्या खाली उतरून गेल्या.

हेल काढला म्हंजे आंघोळ केल्याशिवाय घरात जाता येत नाय. जित्या माणसावर काढला तरी काढलाच. या थंडीत सगळ्याजणी ओढ्यावर गेल्या. जनाताईपण.

पुरुषांना काय, हसतायत. यांना बोलतात, आयुष्य वाढलं तुमचं.

१८ जानेवारी, रविवार

पल्लवी सकाळी आली, बॅग घेऊन. ओटीवरच उभी. मी चहा टाकला नाय.

तू थांबली का नाय, एवढंच विचारलं.

"थांबले असते तर परत कधी गाता आलं नसतं."

माझे शब्द कुठनं मिळाले विचारलं, तर त्या दिवशी खांबाला टेकून ही मला रेकॉर्ड करत होती! कबूल केलं सरळ. "मला काय करायचं कळत नव्हतं आई. हात फोनवर गेला. मग तिकडं गेल्यावर रोज ऐकायचे. रोज."

माझं रडणं तुला गाणं वाटलं?

"नाय. मला रडता येत नाय. तुला येतं. म्हणून तुझं घेतलं."

विचारून घ्यायचं असतं गो.

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

 अंगात आग नुसती. मी बोलले, त्या बाया तुझ्यासाठी चुली विझवून आल्या आणि तू त्यांचा तमाशा केलास.  मग बोलली की एकवीस फेब्रुवारीला पुण्याला प्रोग्राम आहे, तिथं हेच गाणं मागितलंय त्यांनी. मागितलंय! मी बोलले, पुण्याला हे गायलीस तर या ओटीवर परत पाय ठेवायचा नाय. तुझ्या आईचं म्हणून सांगतेस ना, मग आईचं ऐक.

हे मधे पडले. "एक गेला, दुसरीला तू घालवतेस." लग्नाला एवढी वर्सं झाली, इतकं लागंल असं कधी बोलले नव्हते.

न जेवता गेली. जाताना जनाताईकडं जाऊन आली म्हणे. ताईनं बसायला पाट दिला, पाणी दिलं, पण बोलली नाय. पल्लवी पाणी पिऊन, पाया पडून निघाली.

२१ जानेवारी, बुधवार

व्हिडिओ निघालाय. शेजारच्या सुमननं दाखवला. गाणं पल्लवीचं, पण तोंडं पाड्यातल्या बायांची. जनाताईचा पदर सुटलेला, तोंड वाकडं, नाकातून पाणी. खाली लोकांनी लाल बदाम टाकलेत. कोणी लिहिलंय, हाच खरा ब्लूज.

जनाताईला ताप आहे. तिनं पण बघितला, कोणीतरी दाखवलाच. मला विचारते, "हे पुसता येतं काय गो?" मी बोलले, नाय ताई, आता नाय येत. भिंतीकडं तोंड करून झोपली. पेज करून दिली, उष्टी केली नाय.

२५ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू केलं. नितेश गेल्यापासून केलं नव्हतं, यंदा जनाताईच बोलली होती संक्रांतीला, आता कर, किती दिवस सुतकात बसशील. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या शहापूरवरून.

आल्या काही, नाय असं नाय. वरच्या आळीतल्या. पाड्यातली एक नाय आली. सुमन बोलली, त्यांना वाटतं तुला आधीपासून माहीत होतं, मायलेकींनी मिळून केलं. मी बोलले, माझ्या पोराचा हेल मी विकीन? "मी कुठं बोलतेय तसं, वयनी. पाड्यातल्या बोलतात."

अंगणवाडीत पण तसंच. पोरांना दारापर्यंत सोडतात आणि मागं फिरतात. आधी दहा गोष्टी सांगत बसायच्या, सासूच्या, दुखण्याच्या.

वाट्या परत खोक्यात भरल्या. यांना राग सांगितला तर हे जेवत राह्यले.

३० जानेवारी, शुक्रवार

मुरबाडला भावाकडं, भाचीच्या साखरपुड्याला. जीपमध्ये एक बाई सारखी बघत होती. शेवटी बोललीच, "तुमी त्या व्हिडिओतल्या काय? मुलगा गेलेल्या?" हो बोलले, काय बोलणार. "काय रडता हो तुमी! माझ्या अंगावर काटा आला." तोंडभर हसून. मला वाटलं चालत्या जीपमधून उडी मारावी.

साखरपुड्यात भावजयीनं चारचौघींत सांगितलं, आमच्या ताईचं रडणं पुण्याला चाललंय. लोकांना कौतुक आहे. मी पेढा तोंडात धरून बसले.

परत येताना हे फोनवर बोलत होते, हळू आवाजात. मला कळत नाय असं वाटतं यांना. "तू बघ बेटा, तुला काय वाटतं ते. मला बरं वाटलं गो त्या दिवशी. खरं सांगतो." बापलेकीचं रोज चालतंय तर. मी एकटीच वाईट.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पाड्यातल्या कमळीची सासू गेली. सकाळी, भाकऱ्यांच्या वेळेला. पाड्यातून हेल आला. मी चुलीपुढं होते.

खरं लिहायचं तर मीपण उठले नाय लगेच. कानोसा घेतला. हेल आहे का मोबाइल आहे? दारात आले तर सुमन तिच्या दारात, तशीच, हातात फोन. "वयनी, खरं आहे काय?" पलीकडं आणखी दोघीजणी कुंपणाशी उभ्या. कोणी हललं नाय. सुमननं फोन लावला, पाड्यात कोणी उचलेना. मग दुसरीला लावला. तोपर्यंत कमळी एकटी रडत होती. ऐकू येत होतं सगळं. तिचा हेल असा वर जायचा आणि खाली पडायचा, मधे उचलायला कोणी नाय.

कळलं तेव्हा पळालो. पण उशीर तो उशीरच. पाड्यातल्यापण आपापल्या दारात उभ्या, तिथं एकटी जनाताई होती. तापातून उठलेली, कमळीला मिठीत घेऊन. ती एकटी थांबली नाय विचारायला. आमच्याकडं बघून बोलली, "आलात का? झाले काय फोन करून?"

मी कमळीच्या जवळ बसले. सगळ्या वाट बघतायत, सुनंदा आता हेल काढंल. नेहमी मीच काढते. तोंड उघडलं आणि माझ्या कानात गिटार वाजायला लागली. म्हातारीचं नाव घ्यायचं तर "बूट दारात" येतंय जिभेवर. आवाज निघाला नाय. पदर तोंडात कोंबून बसून राह्यले. मागून पोचलेली कमळीची नणंद दुसरीकडं तोंड करून बसली. तिला वाटलं असणार, आता ही फुकट रडत नाय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पल्लवीला मीच फोन केला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. कालचं सगळं सांगितलं. कमळी एकटी रडत होती ते, आमी दारात उभ्या होतो ते, आणि माझा आवाज गेला ते. शिव्या द्यायच्या ठरवून बसले होते, दिल्यापण. बोलले, तू माझा पोरगा एकदा गायलीस आणि पाड्याचं रडणं बंद पाडलंस.

  मग आवाज आला, बारीक. "आई, मग मी कुठं रडू ते सांग. अंधेरीत खोलीत पाचजणी राहतो. पिक्चर बघून रडलं तरी विचारतात काय झालं. घरी आले तर तू माझ्या डोळ्यांकडं बघत बसतेस, पाणी आलं का नाय. मी कुठं रडू?"

 राग आला. फोन ठेवला मीच.

दुपारभर पातेली घासली, घासलेली परत घासली.

११ फेब्रुवारी, बुधवार

जनाताई आली होती. वालाच्या शेंगा घेऊन. सोलत बसलो दोघी.  मग तीच बोलली, "पल्ली वाईट नाय गात गो. मला खरंच वाटलं ना, माझा भाऊ गेला." मी शेंगा खाली टाकल्या. ताई, तुमी पण? "मी बरं झालं असं नाय बोलत. त्या लोकांना मी माफ करणार नाय. पण हेल खोटा असता तर मी गुडघ्याची बाई पळाले असते काय?"

मी बोलले, पुण्याला गायली तर घरात घेणार नाय तिला, सांगून ठेवलंय. "तू बोलून बसलीस, आता तू बघ," बोलली आणि उठली. जाताना शेंगांची टरफलं गायीला घेऊन गेली.

माझ्या बाजूनं कोणीच नाय काय या गावात?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

यांनी पुण्याला जाऊ का विचारलं. जा बोलले. मग बोलले, तू येत असशील तर. मी नाय. मग हेपण नाय. घरात बसून फोनवर दाखवतात ते बघणार. रजा टाकलीय शनिवारची.

पल्लवीचा मेसेज आलाय यांच्या फोनवर. मला वाचून दाखवला. "आईला सांगा, अजून ठरवलं नाय." एवढंच. आईला सांगा! माझा नंबर काय हरवला तिच्याकडचा?

२१ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळ. यांनी फोन देव्हाऱ्याखालच्या स्टुलावर तांब्याला टेकवून ठेवलाय. चालू झालंय मघाशीच. दुसरेच कोणीतरी गातायत अजून. हे खुर्ची पुढं ओढून बसलेत, चष्मा पुसून.

मी बघणार नव्हते. चुलीशी होते. मग उठले आणि आधी पुढचं दार लावलं, मग मागचं, मग दोन्ही खिडक्या. फटीत गोणपाट दाबलं. हे बोलले, गरम होतंय, काय करतेस? मी बोलले, तिनं काढला तर पाड्यात जायला नको. जनाताई परत पळत येईल.

मग यांच्या शेजारी येऊन बसले. वही मांडीवर. यांनी वळून बघितलं आणि खुर्ची जरा बाजूला सरकवली.

आली ती. नितेशचा शर्ट नाय आज, साधा पंजाबी ड्रेस. गळ्याची हाडं दिसतायत, जेवत नाय नीट. माइक दोन्ही हातांनी धरलाय, जसा काय कोणी काढून घेणार आहे. गिटार सुरू झाली. तीच. माळावरची. अंगावर काटा आला माझ्या, आणि मी त्याला काय म्हणू ते मला कळत नाय.

आवाज बारीक येतोय. मी यांना बोलले, वाढवा.

तिनं अजून तोंड उघडलेलं नाय.